संपावरची गाडी

आमच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करणारं एक यंत्र आहे. विकणाऱ्याने मला त्याचे सात टप्पे समजावले होते, आणि मी पुढे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजावत आलो. यंत्राला निळा दिवा आहे. पाहुण्याला पाणी देताना तो दिवा त्याला दिसेल अशा बेताने मी जरा बाजूला सरकायचो. बंगळूरच्या बनशंकरीतल्या आमच्या इमारतीत बारा घरं आहेत आणि बाराही ओट्यांवर असलीच यंत्रं. त्यामुळे पावसाळ्यातले आजार ही दुसऱ्या, कमी शिकलेल्या लोकांची अडचण आहे, असं आमचं एकमत होतं.

त्या जुलैत आई निपाणीहून राहायला आली. आल्या दिवशीच तिने पातेलंभर पाणी गॅसवर चढवलं.

"आई, हे मशीनचं पाणी आहे. उकळायची गरज नाही."

"कशावरनं?"

"निळा दिवा लागलाय ना."

"दिव्याला काय, वीज आली की लागतोय."

मी हसलो, गॅस बंद केला आणि तिला सातही टप्पे सांगितले. ती पदराने हात पुसत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बरं बाबा, तू शिकलेला." तेव्हा हे मला कौतुक वाटलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला आमची चौथीतली मुलगी जेवेनाशी झाली. दोन दिवस बारीक ताप, मग डोशाचं ताट समोर आलं की मळमळ. बायकोला वाटलं, परीक्षेची भीती. मी ताबडतोब पाणीपुरी बंद केली. ती मी जूनमध्येच बंद केली होती, पण बाप म्हणून काहीतरी करायला हवं होतं. मंगळवारी सकाळी आई बाल्कनीतल्या उजेडात तिची वेणी घालत होती. मध्येच थांबली आणि मला हाक मारली.

"हिचे डोळे बघ."

हळद कालवावी तसे पिवळे झाले होते.

बसवनगुडीतल्या आमच्या डॉक्टरीणबाई वयस्कर आहेत आणि कमी बोलतात. त्यांनी पोट दाबून बघितलं, रक्त तपासायला लिहून दिलं आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

मी टप्पे सुरू केले. चौथ्यापर्यंत त्यांनी मला जाऊ दिलं.

"दात कुठल्या पाण्याने घासता?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने जमिनीकडे पाहिलं.

"नळाच्या."

"भाजी, फळं कशाने धुता?"

"नळाच्याच."

"नळात येतं कुठून?"

"गच्चीवरच्या टाकीतून. आणि तिथे संपमधून."

"संप शेवटचा कधी उघडून बघितला?"

बंगळूरमध्ये जमिनीखालच्या टाकीला संप म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द ऐकून घोषणा आठवतात, आणि आमचा संप तर खरोखरच काम सोडून बसला होता. "तुमच्या इमारतीतलं हे तिसरं मूल," बाई म्हणाल्या. "या काविळीला लवकर घालवणारं औषध नाही. विश्रांती द्या, मनाने गोळ्या देऊ नका. पाणी खळखळून उकळा, चूळ भरायचंसुद्धा. संडासनंतर साबणाने हात. आणि ती टाकी उघडा."

घरी आलो तेव्हा पातेलं गॅसवर होतं. आईने गॅस मोठा केला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

टाकी उघडायला खाली गेलो आणि कळलं की संपच्या झाकणावर गाडी उभी आहे. इमारतीच्या सेक्रेटरींची. हे गृहस्थ चामराजपेटेत तीन पिढ्या कापडाचं दुकान चालवलेल्या मराठी घराण्यातले. आता दुकान मुलगा बघतो आणि हे इमारत बघतात. त्यांची गाडी मी कधी हललेली पाहिली नव्हती. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला तिला हार घालतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, आणि गाडी पुढे जातच नाही म्हणून ती लिंबं दुसऱ्या दिवशी अख्खीच्या अख्खी झाडलोटीत जातात.

"सर, गाडी काढावी लागेल," मी म्हणालो. "खाली संपचं झाकण आहे."

"आहे की. म्हणून तर तिथे लावली. वर एवढं वजन असताना कोण उघडणार?"

"तीन मुलांना कावीळ झालीय."

"मुलं बाहेरचं खातात हो. मी ग्रुपवर किती वेळा टाकलंय, पावसाळ्यात बाहेरचं खाऊ नका."

"संप साफ कधी केला?"

"दर वर्षी होतो. रजिस्टर बघा."

रजिस्टर बघितलं. दर वर्षी एकाच शाईत, एकाच वळणाची नोंद होती: संप साफ, ठीक. खाली सही. गाडी न हलवता हे कसं झालं, असं विचारलं तर कानडी ढंगात म्हणाले, "तेवढं स्वल्प सांभाळून घ्या." मग बॅटरी उतरल्याचं सांगितलं, आणि तो मंगळवार होता, मंगळवारी ते गाडी हलवत नाहीत. जी गाडी इतर सहा वारीही हलत नाही, तिचा मंगळवार पाळला जात होता!

आम्ही चार-पाच घरवाले तिथे जमून हळू आवाजात इंग्रजी बोलत होतो. तेवढ्यात आई जिना उतरून आली. हातात स्टीलचा तांब्या.

"अण्णा," ती सेक्रेटरींना म्हणाली, "नळाचं आहे. दोन घोट घ्या."

"नको अक्का."

"का? साफ केलंय की तुम्ही. वहीत लिहिलंय म्हणे."

"तसं नव्हे अक्का, आमच्या घरी सगळ्याला विकतच्या कॅनचं पाणी असतंय."

"सगळ्याला म्हणजे?"

"स्वयंपाकाला, चुळीला..." एवढं बोलून ते थांबले. त्यांच्याही लक्षात आलं होतं.

कोणी ओरडलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी, त्यांचाही मुलगा पिवळा होऊन पडला होता, फक्त हात पुढे केला आणि म्हणाल्या, "किल्ली." मंगळवारीच सहाजणांनी ती गाडी ढकलली.

दुसऱ्या दिवशी टाकी साफ करणारा माणूस आला. झाकणाची एक कड फुटलेली होती. दोन हातांवर सांडपाण्याचा चेंबर, जोराच्या पावसात तो तुंबायचा आणि ते पाणी उताराने थेट या फटीत जायचं. आत पोटरीभर गाळ, झुरळं आणि एक चप्पल. "किती वर्षांनी उघडताय?" त्याने विचारलं. आम्ही सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले होते, त्यामुळे उत्तर न देणं सोपं गेलं. गाळ उपसला, भिंती घासल्या, ब्लीचिंग पावडर घातली, गच्चीवरची टाकीही धुतली, झाकणाभोवती वीतभर कठडा बांधला, चेंबर दुरुस्त केला.

मुलगी महिनाभर घरी होती. आईने तिला मऊ भात, मुगाचं वरण, मुरमुरे असं भरवत आणलं. शेजारच्यांनी कुठल्या तरी पाल्याचा रस आणून दिला, तो आईने न उघडताच परत केला. "डॉक्टरीणबाई बोलल्यात तेवढंच," म्हणाली. मी मात्र तोवर ऑफिसात उकळलेल्या पाण्यावर भाषणं द्यायला लागलो होतो, आणि ती कल्पना मला स्वतःला सुचली असावी असा माझा सूर होता, असं बायको सांगते.

गणपतीत इमारतीने सेक्रेटरींना शाल दिली, स्वच्छ पाण्यासाठी पुढाकार घेतल्याबद्दल. त्यांनी दहा मिनिटं भाषण केलं. मी टाळ्या वाजवल्या. आईने वाजवल्या नाहीत, तिच्या हातात प्रसादाचं ताट होतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी मिळून झाकण उघडून बघायचं, असंही त्याच दिवशी ठरलं. पहिल्या वेळी नऊजण आले होते, दोघांनी तर फोटोही काढले. गेल्या महिन्यात मी होतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई होत्या. टॉर्च त्यांनी धरला. बाकीच्यांनी ग्रुपवर अंगठे पाठवले.