धुरांड्याखालचे तात्या

बॉयलरवाले तात्या नुसता धूर बघून कुठल्या कारखान्यात काय जळतंय ते सांगत. मरोळच्या आमच्या कापड रंगवायच्या कारखान्याच्या फाटकात सकाळी उभे राहून, पंचांग वाचावं तशी आजूबाजूची धुरांडी वाचत. "थंय कोळसो ओलो. आणि त्या बिस्किटवाल्याचो माणूस झोपलोहा!" चौकशी केली, की तो खरंच झोपलेला निघे.

छपरावर ते रोज एक पांढरा पंचा वाळत घालत. संध्याकाळी त्यावर काजळी दिसली, की स्वतःचा चहा बंद. "कोळसो अर्धवट जळलो, म्हणजे माझा चुकला."

मी तेव्हा नवा सुपरवायझर, खिशात ताजा डिप्लोमा. एकदा पंचा अगदी स्वच्छ निघाला, म्हणून मी कौतुक केलं. तात्या मात्र आभाळाकडे बघत होते.

"सायबानू, काळो धूर खाली पडता, पंच्यार दिसता. जो दिसना नाय, तो खंय जाता?"

"विरतो हवेत, तात्या."

"विरतो म्हणजे खंय? धुराच्या वाटेवरची झडप बंद केली, की भट्टीतली उष्णता आतच ऱ्हवता. वर तसा झाला तर?"

हा किस्सा मी कँटीनमध्ये नक्कल करून सांगितला. सगळ्यात मोठ्याने तात्याच हसले.

मग मे महिन्यातली ती दुपार. तात्या जेवायला गेले होते, वाफ उतरली होती आणि हौदात माल पडून होता. मी हुशारी केली. भंगारातलं रबर आणि तेलकट चिंध्या भट्टीत कोंबल्या. वाफ चढली खरी, पण धुरांड्यातून म्हैस बाहेर पडावी तसा धूर निघाला आणि समोरच्या चाळीच्या गच्चीवर बसला. तिथे पारूबाईंचे उडदाचे पापड वाळत होते.

दहा मिनिटांत त्या ताट घेऊन फाटकात हजर. "शेठ, काळी मिरी कमी पडली म्हणून वरून घातलीत काय हो?"

शेठनी विचारलं, "कोणी केलं हे?"

"तात्यांनी," मी म्हणालो.

तेवढ्यात तात्या आले. वर बघून पुटपुटले, "रबर." मग माझ्या काळ्या बाह्यांकडे पाहिलं. "होय शेठ, माझा चुकला."

त्याच दिवशी त्यांना काढलं. फाटकापाशी मी कसंबसं विचारलं, "तात्या, का?"

"तुमचा लगीन ठरलाहा. माका गावाक चार माड आसत. पण सायबानू, परत रबर नको हां."

न दिसणारा तो धूर कुठे जातो, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. तो वरच राहतो आणि उष्णता अडवतो. आमचा कोळसा, ट्रकांचं डिझेल, माझी स्कूटर, सगळं त्यात आलं. डिप्लोमा माझ्याकडे होता; प्रश्न तात्यांना पडला होता.

गेल्या महिन्यात पारूबाईंना गाठून सगळं सांगितलं. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी कपाळावर हात मारला.

"मेल्या, इतकी वर्षं त्या गरिबाला शिव्या घातल्या मी! त्या आता परत कशा घेऊ?"

"मला द्या."

दिल्या. पोटभर दिल्या. मग आत जाऊन एक भाजलेला पापड आणला आणि माझ्या हातावर ठेवला. "खा. आणि हेच त्याच्या गावी जाऊन सांग."

तात्या वारले त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा उद्या गावच्या एसटी स्टँडवर मला घ्यायला येणार आहे. पिशवीत एक पांढरा पंचा ठेवलाय.