समोरच्या फ्लॅटमधली ज्युदोवाली

विरारला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच राहते. ज्युदो खेळते. बोटांना कायम पांढऱ्या पट्ट्या, म्हणून आमची बेल कोपराने वाजवते. जवळच्या नंदाखाल गावातली केळी दिली तर हसून घेते, पण स्पर्धेआधी वजन राखायचं असलं की हातसुद्धा लावत नाही.

परदेशातल्या मोठ्या स्पर्धांना सारखी जाते. मेडल मिळत नाही, तरी कशाला जातेस, असं मी एकदा विचारलं.

"मॅच जिंकली की रँकिंगचे पॉइंट मिळतात, काकू. वर्षाने ते अर्धे होतात, मग संपतात. जात राहावंच लागतं."

या वेळी निघताना म्हणाली, "मोबाईलवर लाइव्ह दिसतं. बघाल?"

मी बघितलं. हिच्याविरुद्ध खेळणाऱ्या मुलीचा कोच मॅटजवळच्या खुर्चीतून ओरडून सांगत होता. हिच्या बाजूची खुर्ची रिकामी होती. कोचला सोबत नेणं तिला जमलं नव्हतं. पहिल्याच मॅचमध्ये ती हरली.

परत आली तेव्हा मी म्हटलं, "बघितली हं मी तुझी मॅच."

"खुर्ची पण दिसली?"

"दिसली गं."

"तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं," ती म्हणाली. "पण पडले, आणि मान आपोआप तिकडेच वळली."