एक मत जास्तीचं

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. रस्त्यात उतरवून टाकलेला नारळ दिसला तर मी वळसा घालत नाही, स्कूटी सरळ पुढे काढते — पंक्चर सोडलं तर मला कशाची भीती वाटत नाही. भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवरही मी फक्त वाचकच, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचणारी. कुणाला हायवेवर पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या आजोळच्या विहिरीतून हाका येतात... मी वाचते, हसते आणि पेपर तपासायला घेते. आता लिहायची पाळी माझ्यावर आली आहे, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. माझी तक्रार नाही.

संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यात आमचा एक सिनेमा क्लब आहे. क्लब म्हणजे काय, वसंतभाऊंच्या स्टेशनरीच्या दुकानावर क्लासेसचा हॉल आहे, तो रविवारी रिकामा असतो. पडदे ओढायचे, भिंतीवर प्रोजेक्टर लावायचा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या. नियम एकच — सिनेमा संपला की प्रत्येकानं मत द्यायचं, मत दिल्याशिवाय चहा नाही. वसंतभाऊ थर्मास घेऊन टेबलाशी बसतात आणि एकाचं बोलून झालं की एक कप भरतात. "छान होता" एवढ्यावर कप भरला जात नाही, कारण द्यावं लागतं. ही मतं मी फोनवर रेकॉर्ड करते. आठवडाभर क्लबच्या ग्रुपवर वाद घालायला ती उपयोगी पडतात.

त्या रविवारी मी आणि माझा नवरा प्रकाश, आप्पांनाही घेऊन गेलो. आप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर पाचोडच्या घराला कुलूप लावून आम्ही त्यांना इकडे आणलं. बोलायचे कमी, जेवायचे त्याहून कमी. महिन्याभरात सदरा अंगावर लोंबायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, मन रमवा. म्हणून सिनेमा.

मन कशानं लागत नव्हतं ते आम्हाला ठाऊक होतं. नंदाताई, म्हणजे प्रकाशची मोठी बहीण. त्यांनी आप्पांच्या मनाविरुद्ध, जातीबाहेर लग्न केलं आणि आप्पांनी सांगून टाकलं, माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा ताई पाचोडला अंगणातच उभ्या राहिल्या. आप्पांनी 'ये' म्हटलं नाही, आणि त्यांनी म्हटल्याशिवाय ताई आत आल्या नाहीत. खाण तशी माती! आता त्या सिडकोत राहतात. दर रविवारी संध्याकाळी आप्पांच्या आवडीचं काही करून आणतात, बेल वाजवतात, डबा चपलांच्या रॅकवर ठेवतात आणि जिना उतरायला लागतात. मी दर वेळी म्हणते, "ताई, आत या ना." त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुझ्या म्हणण्यानं नाही गं."

आप्पा तो डबा खायचे. कुणाचा, हे विचारायचे नाहीत. खाताना त्यांची मान वर व्हायची नाही, आणि ते बघून मला भयंकर राग यायचा, आणि तेवढंच वाईटही वाटायचं. पण घरातली गोष्ट घरात. क्लबात कुणालाही यातलं अक्षर माहीत नव्हतं.

सिनेमा होता रक्त पिणाऱ्या उमरावाचा. जुना, कृष्णधवल, एका गाजलेल्या कादंबरीवरचा. कुठला ते सांगत नाही, नाहीतर खाली कमेंट्समध्ये कुठली आवृत्ती चांगली यावरून मारामारी सुरू होईल. मुद्द्यापुरतं एवढंच, की हा उमराव मेलेला असूनही हिंडतो, आणि घरातल्या कुणी 'या' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. तो दाराबाहेर थांबून राहतो तो प्रसंग चांगलाच लांबवला आहे. आप्पांना इंग्रजी येत नाही. मी हळूच समजावून सांगायला गेले तर म्हणाले, "राहू दे. दारात हुबं राह्यला म्हंजे काय, ते कळतंय मला."

मग मतं सुरू झाली. पडदे अजून ओढलेलेच होते, सगळे भिंतीकडे तोंड करून. वसंतभाऊंचं म्हणणं, नटानं नुसत्या डोळ्यांवर सिनेमा ओढलाय, बाकीचे सगळे नाटकातून पळून आल्यासारखे. प्रकाशला वटवाघूळ दोरीला बांधलेलं दिसलं आणि त्याची सगळी मजाच गेली. शबाना आपा शिवणकाम करतात, त्यांचं लक्ष कपड्यांवर. म्हणाल्या, "कोट का फॉल कित्ता अच्छा है! पन वो डराता नई, भूका दिखता बेचारा. मेरे कू तो रहम आया." इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक कांबळे सर म्हणाले, "अहो आपा, रहम कसला? जहागीरदार आहे तो, गावाचं रक्त पिऊन जगणारा. नटाचं कौतुक एवढंच की आपण वाईट आहोत असं त्याच्या चेहऱ्यावर कुठंच येत नाही. अशा माणसांना तसं कधी वाटतच नाही." कप भरत होते. माझंही मत देऊन झालं — पटकथा ढिली, आवाज उत्तम.

मग मागून कुणीतरी बोललं.

"आपल्याकडं या बिचाऱ्याचं काहीच अडलं नसतं. दारात कुणी उभं दिसलं की आपण म्हणतोच, या, आत या, चहा घ्या."

सगळे खो खो हसलो. अगदी खरं होतं ते! मीटर बघायला आलेल्याला आपण पाणी विचारतो. हसू ओसरायच्या आत तोच आवाज पुढे म्हणाला,

"नुसतं पोटच्या पोरीला तेवढं म्हणत नाहीत."

हसू जागच्या जागी थांबलं. शेजारची खुर्ची करकरली आणि आप्पा म्हणाले, "व्हय." बस, एवढंच.

पडदे उघडल्यावर जो तो आपापला कप घेऊन उभा राहिला. टेबलावर एक कप तसाच राहिला, भरलेला, वर साय धरत चाललेली. "कुणाचा राहिला हो?" वसंतभाऊंनी विचारलं. सगळ्यांच्या हातात कप होते, पाहुणे म्हणून आधीच दिलेला आप्पांच्याही. "शेवटी आपा बोलल्या ना, त्यांचा असेल," कांबळे सर म्हणाले. आपा म्हणाल्या, "मैं तो एकीच बार बोली. वो सर की बात थी ना, पोरीवाली?" प्रकाशची खात्री, की वसंतभाऊ बोलले. वसंतभाऊ म्हणाले, "मी बोललो असतो तर स्वतःलाच दुसरा कप भरला असता का? कुणीतरी बोललं म्हणून भरला." थोडी थट्टा झाली, कुणीतरी गंमत करतंय असं ठरलं आणि सगळे पांगले. मी हसले नाही, कारण आप्पा माझ्याकडेच बघत होते.

घरी आल्यावर सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "सूनबाई, चारचौघांत काढायची व्हती का ती गोष्ट?"

"आप्पा, मी नाही बोलले."

"मंग कोन बोललं? तिथं दुसऱ्या कुनाला ठावं हाय?"

प्रकाशही माझ्याकडे तसाच बघायला लागला. सांगते, मला रडूच आलं. इतकी वर्षं मनात येऊनही मी त्यांना एका शब्दानं बोलले नव्हते, आणि न बोललेल्या शब्दाचा ठपका माझ्यावर! मी रागारागानं फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि आप्पांसमोर धरलं.

कांबळे सरांचं मत. माझं मत. कप भरल्याचा आवाज. मग शांतता... पंख्याची घरघर तेवढी. आणि मग आम्ही एकदम हसायला लागतो. सगळे, खदाखदा. कशाला हसतोय? आधी कुणी काही बोललेलंच नाही. मग हसता हसता एकदम गप्प होतो. खुर्ची करकरते. आप्पांचा आवाज येतो, "व्हय." आणि मग थर्मासमधून चहा ओतल्याचा आवाज.

आम्ही ते पुन्हा लावलं. प्रकाशनं आवाज वाढवला, हेडफोन लावून बघितलं. मधे काही नाही. फोन बिघडला म्हणावं तर पंखा सलग ऐकू येतोय. आप्पांनी फोन हातात घेतला, कानाला लावला आणि डोळे मिटून ऐकत बसले.

तेवढ्यात बेल वाजली.

रविवार होता. मी उठले, तर आप्पांनी हातानं मला थांबवलं. स्वतः उठले, भिंतीला धरत दारापर्यंत गेले, दार उघडलं. डबा रॅकवर होता आणि नंदाताई दोन पायऱ्या उतरल्या होत्या. दार उघडल्याचा आवाज ऐकून, मीच असेन म्हणून त्या वळल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. आप्पांना त्यांच्या तोंडाकडे बघवेना. ते चपलांकडे बघत म्हणाले, "ये."

ताई हलल्या नाहीत. बापाचीच लेक! "कुणी म्हणायला लावलं का तुम्हाला?"

"लावलं," आप्पा म्हणाले. "पर कोन, ते नाय ठावं. तू आत ये, पोरी. लई दिवस हुबी हाईस."

ताईंनी उंबऱ्याला हात लावला आणि आत आल्या. त्यानंतर घरात जी रडारड झाली ती सांगत नाही. त्या दिवशी आप्पांनी डब्यातलं धपाटं मान वर करून खाल्लं, आणि "मीठ कमी पडलंय" असंही म्हणाले. ताईंना त्याचाही आनंद झाला.

मी फिजिक्सवाली आहे, म्हणून सगळं तपासून पाहिलं. सगळ्यांना एकाच वेळी भास झाला म्हणावं, तर सगळ्यांना म्हणणं तेच कसं आठवतं? आपा तर म्हणाल्या, त्यांना ते त्यांच्या बोलीत ऐकू आलं. कुणी गंमत केली म्हणावं, तर आवाज फोनमध्ये का नाही? माझ्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर नसताना पेपरात काहीतरी लिहून ठेवणाऱ्या पोरांचे मी मार्क कापते, त्यामुळे इथंही लिहीत नाही. आप्पांना विचारलं तर म्हणतात, "कोन बोललं ते तुम्ही हुडका. मला ऐकू आलं, माझं भागलं."

तो कप वसंतभाऊंनी ओतून टाकला नाही. मत दिलंय म्हटल्यावर चहा त्याचा, म्हणाले, आणि हॉलला कुलूप लावताना टेबलावरच ठेवून आले. सकाळी उघडून बघितलं तर कप भरलेलाच होता. रिकामा सापडला असता तर ही गोष्ट जास्त रंगली असती, पण मी खोटं सांगणार नाही. आता नंदाताईही क्लबला येतात, आणि सगळ्यांचे कप भरून झाले की वसंतभाऊ मागच्या खुर्च्यांकडे बघून एकदा विचारतात, "अजून कुणाचं राहिलंय का?"