मिठाच्या पेटीतल्या मिरच्या

मुलगी बंगळूरला असते. रविवारी तिचा फोन येतो, पाचेक मिनिटांचा. एका रविवारी तिने विचारलं, "बाबा, आईच्या सांडगी मिरच्या संपल्या का हो?" तिची आई जाऊन वर्ष झालं होतं, मिरच्या कधीच्याच संपल्या होत्या. तीन आठवड्यांनी ती चार दिवस येणार होती. त्याआधी मिरच्या करायच्याच, असं मी ठरवलं. आईच्या हातची चव घरात असली तर पोरगी वरचेवर येईल, एवढीच आशा.

पंचाईत उन्हाची होती. शेजारच्या टॉवरमुळे आमच्या गच्चीवरचं ऊन तीनलाच जातं. मग मी पत्र्याची काळी पेटी करून घेतली, वर काच. मिरच्यांच्या जाळीखाली ऊन साठवायला खडेमीठ पसरलं. आम्ही मोरव्याचे, पूर्वीचे मिठागरवाले. लहानपणी संध्याकाळी मिठाच्या राशीत पाय खुपसले की ऊब लागायची, तेच डोक्यात. पहिल्या दिवशी संध्याकाळी सातला पेटीत हात घातला, तर मीठ अजून गरम! एकटाच हसलो. सांगायला कोणी नव्हतं.

चौथ्या सकाळी मिरच्यांवर बुरशी. पापड वाळत घालायला आलेल्या गुजराती बेन पेटीत डोकावल्या. "अरे भाईसाब, नमक तो हवा से पानी खींचता है!" मला भयंकर राग आला, माझाच. मिठावर वाढलेल्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावं? मिरच्या फेकल्या, मीठही फेकलं. त्याच टॉवरच्या कुंपणाशी पडलेली काळी खडी वॉचमनला विचारून आणली, धुतली, मिठाच्या जागी पसरली आणि नव्याने मिरच्या भरल्या. मेथी किती, धणे किती, सगळं अंदाजपंचे. आठवड्याभरात मिरच्या खुळखुळ वाजायला लागल्या.

मुलगी आली. दहीभात वाढला, चार मिरच्या तळून तिच्या ताटात ठेवल्या. तिने त्या हळूच बाजूला सारल्या.

"बाबा, मी तिखट सोडलंय. ॲसिडिटी होते. मागे सांगितलं होतं ना."

"मग मिरच्यांचं विचारलंस कशाला?"

ती अवघडली. "फोनवर काहीतरी बोलायला हवं ना, बाबा."

मी चिडणार होतो, पण चिडता आलं नाही. तिची आई होती तेव्हा दोघी तास तास बोलायच्या. आणि फोन मी उचलला, की इतकी वर्षं तिला माझं एकच वाक्य ऐकू यायचं, "थांब, आईला देतो."