भरलेले गाल

मेणताईच्या तोंडाला लागायला ओतशाळेत कुणी धजत नसे. हात मात्र तिच्यासारखा दुसऱ्या कुणाचा नव्हता. मेणाची मूर्ती साच्यातून निघाली की तिच्यावरचे खळगे बुजवायचे, शिवणी पुसायच्या, हे तिचं काम. मग मेणाभोवती माती चढायची, भट्टीत मेण वितळून जायचं आणि त्या पोकळीत ब्राँझ ओतायचं. मेणात जे राहिलं ते ब्राँझमध्ये कायमचं.

या खेपेची मूर्ती तिच्या धाकट्या भावाने घडवलेली होती. भाऊ नावाजलेला शिल्पकार. ध्यानाला बसलेली म्हातारी, गाल पार आत गेलेले, शिल्पाचं नाव 'अनित्य'. सगळं सरतं, कशाला धरून बसू नये, हे बुद्धाचं सांगणं तो येता-जाता कामगारांना ऐकवी.

ताईने मूर्तीचा चेहरा पाहिला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्यांची आई होती, अगदी शेवटच्या दिवसांतली. "मोठा आलाय शिकवणारा," असं पुटपुटत तिने मेण ऊन केलं आणि दोन्ही गाल भरून टाकले. माती चढण्याआधी भाऊ मेण बघायला येणार होता. आला नाही. न येण्याची त्याची सवय जुनीच.

ब्राँझवरची माती फोडली तेव्हा मात्र तो हजर होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"गाल कुणी भरले?"

"मी. खळगे बुजवायचाच पगार घेते."

"तेच तर शिल्प होतं, ताई. परवा प्रदर्शन आहे. मुद्दाम वाट लावलीस तू."

"हो, मुद्दाम."

"माझं नाव झालेलं तुझ्या डोळ्यांत खुपतं."

"चुलीत घाल तुझं नाव."

गाल कापून काढता येतील, असं ओतशाळेच्या मालकाने चाचरत सुचवलं. भावाने कापायचं मशीन स्वतःच उचललं. ताई मूर्तीपुढे जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो," भाऊ म्हणाला. "तू अजून आईला कवटाळून बसलीयस. ती गेली. शेवटी ती जशी होती तशी मी दाखवली, एवढंच."

"तू कधी पाहिलीस तिला तशी?"

"तूच फोटो पाठवला होतास ना."

"पाठवला होता," ताई म्हणाली. "तू यावंस म्हणून."

भावाचं बोट मशीनच्या बटणावर होतं. त्याला बटण दाबवेना, बोट काढवेना. ताई बाजूला झाली नाही.