आईच्या बाजूचा दरवाजा

मंडळी, बाबांची जुनी गाडी मी कितीक वर्षांपासून हौसेनं बदलवून राहिलो. रंग, सीटा, चाकं, डॅशबोर्ड, सारं नवं झालं. आई कधी काही बोलली नाही.

तिच्या बाजूचा दरवाजा मात्र झुकला होता. वर उचलल्याशिवाय लागतच नव्हता. काल त्याच्या बिजागऱ्या बदलवल्या.

आज अमरावतीहून बार्शीटाकळीले मावशीकडे निघालो. आईनं सवयीनं दरवाजा उचलला, पण तो अलगद लागला. तिनं उघडून पुन्हा लावून पायला.

"काहून वं आई, नीट लागते ना?"

"लागते. पण हे आपली गाडी वाटून नाही राहिली रे."

इतकं बदलवलं तरी गाडी तिची होती. एक खोड मोडली अन् परकी झाली! असं काहून होत असंन?

जुन्या बिजागऱ्या अजून डिक्कीतच हायेत. परत बसवू काय?