सासूबाईंचे निळे ड्रम

माझ्या सासूबाई, जिजाबाई, भोक बघू शकत नाहीत. भिंतीतला खिळा निघाला की त्यांचं बोट ओली माती घेऊन हजर. लग्न होऊन विरारच्या फ्लॅटमधून मी या नायगावच्या घरात आले, तेव्हा मला वाटलं, बाई जरा विक्षिप्त आहेत. मग कळलं की अर्धं आयुष्य त्यांनी खाडीच्या बांधावर काढलंय. खेकडा बांधाला बीळ पाडतो, भरतीचं खारं पाणी तिथून आत शिरतं आणि भात जळून जातं. म्हणून रोज बांधावरून फेरी मारायची, बीळ दिसलं की चिखलाचा गोळा ठेवून अंगठ्याने दाबायचा. पुढे शेत गेलं, तिथे टॉवर आले. अंगठा मात्र जुन्याच कामावर राहिला.

उरली होती ती घरामागची लहानशी वाडी. ऋषिपंचमीला आमच्या आळीतल्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. हाताने खणलेल्या जागेतलीच भाजी लागते, आणि ती कायम जिजाबाईंच्या वाडीतून जायची. अळू, माठ, भेंडी, पडवळ. त्या दिवशी त्यांचा रुबाब असा, की महापौरांनीही बाजूला सरावं.

गेल्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी वाडीत शिरलं. शेजारी भराव झालेला, त्यामुळे पाण्याला परत जायला वाट नव्हती. ते आटलं तेव्हा मातीवर मीठ फुटलं. त्यानंतर तिथे गवतसुद्धा धड उगवेना. माझा नवरा भूपेश कामणच्या गोदामांवर टेम्पो चालवतो. तो म्हणाला, काँक्रीट करून टाकू, टेम्पो आत लागेल. सिमेंटच्या गोण्या आणून त्याने ओटीवर रचूनही ठेवल्या.

सासूबाईंनी गोण्यांकडे बघितलं आणि पदर खोचला. "पंचमीपरत थांब. आपल्या आलीला भाजी माज्या वाडीतनं गेली, तर वाडी माजी. नाय गेली, तर टाक तुजं सिमेंट."

"आय, त्या खाऱ्या मातीत काय होनार?"

"मातीत कोन लावतंय? टॉवरमधल्या बाया दहाव्या माल्यावर टोमॅटो काढतात, मी काय मेली हाय? गोदामातनं ड्रम आन."

भूपेशने लोणच्याचे रिकामे निळे ड्रम आणले. ते कापून गुडघाभर उंचीचे केले, धुतले, उन्हात टाकले, तरी कितीतरी दिवस सगळं घर कैरीच्या लोणच्यासारखं घमघमत होतं. नंदाखाल गावच्या एका बागेतून टेम्पोभर गोडी माती आली, तिच्यात शेणखत मिसळलं. पाणी निघून जावं म्हणून मी प्रत्येक ड्रमला बुडाजवळ ड्रिलने भोकं पाडली. सासूबाई ओठ घट्ट मिटून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

बी छान रुजलं. मग आषाढाच्या सुरुवातीलाच झड लागली आणि भेंडी पिवळी पडली, पडवळाने मान टाकली. अळू तेवढा खुशीत. आता सिमेंट लागणारच, म्हणून भूपेशने गुपचूप त्यावर ताडपत्री घातली. मी एका ड्रमपाशी खाली बसून बघितलं, तर भोकात चिखलाची गोळी, आणि गोळीवर अंगठ्याचा ठसा. दुसऱ्या ड्रमलाही तेच. सगळ्यांनाच.

माझं डोकं फिरलं. "आई, ही भोकं कुणी बुजवली?"

"मीच. भोक दिसल्यावर ठेवतात काय? पानी आत शिरंल."

"अहो आई, इथे पाणी बाहेर जायला हवंय!"

सासूबाईंनी काडी उचलली. मग वाकून तिने एक गोळी उकरली. कुजकं पाणी भसकन त्यांच्या पायांवर आलं. त्यांनी ते बोटावर घेऊन जिभेला लावलं. मला शिसारी आली.

"गोडं हाय," त्या म्हणाल्या. "गोड्या पान्यात बुडवलं मी त्यांना."

त्यांचा तो चेहरा बघून माझा राग जागच्या जागी विरला. पण त्यांना रडायला वेळ कुठे होता? "उठ रोशनी. दुसरं बी काढ. अजून दिवस हायेत." आणि ड्रिल माझ्या हातातून घेऊन त्यांनी आणखी भोकं स्वतः पाडली.

श्रावण संपताना सगळे ड्रम हिरवेगार होते. आणि नेमकं अमावस्येला उधाण आलं. पाणी कुंपणाखालून वाडीत शिरायला लागलं आणि मी ड्रमांकडे धावले. ड्रम खाली, भोकं बुडाशी, आणि बाहेर खारं पाणी! ही भोकं हवीत, असं मीच म्हटलं होतं.

सासूबाई मात्र निवांत. चिखलाची पाटी त्यांनी आधीच भरून ठेवली होती. "आता बुजवायची," त्या म्हणाल्या. "भरतीला बंद, ओहोटीला उघडी. बांदाच्या उघाडीला, पानी सोडायच्या वाटेला, दार असतं ना, तसं." तिघं गुडघ्यांवर बसलो. भूपेशने लहानपणी बांधावर हेच केलं होतं, त्याचा अंगठा आमच्याआधी कामाला लागला. खारं पाणी ड्रमांभोवती वीतभर चढलं आणि ओहोटीबरोबर उतरलं. त्याच्या मागोमाग सासूबाई काडी घेऊन एकेक भोक मोकळं करत गेल्या.

पंचमीला आळीतल्या प्रत्येक घरी भाजीची परडी गेली. कुठल्याशा काकूंनी दारातून विचारलं, बैलाचा हात तर नाही ना लागला? "बैल लोनच्याच्या ड्रमात शिरंल कसा गो?" सासूबाई म्हणाल्या, आणि आळीभर हशा झाला.

जेवणं झाल्यावर भूपेश ओटीवर आला. गोण्यांवरची ताडपत्री त्याने स्वतःच काढली.

"आय, या सिमेंटचं काय करू?"

"ड्रमांखाली कट्टे बांध. उंच."

"आनि टेम्पो कुठं लावू?"

"लाव की रस्त्यावर," सासूबाई म्हणाल्या आणि काडी घेऊन वाडीत गेल्या.